‘काहीतरी चांगलं द्या’: देवघेव काउंटरवरून पुस्तक सुचवताना

वाचनालयातल्या पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. नारायण धारपांची ‘लुचाई’ असो, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ असो की भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’, तिन्हींच्या कण्यावर हाच आकडा. पुढची लेखकाची अक्षरं तेवढी बदलतात. कपाटातून नेमकं पुस्तक काढायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण ‘मागच्या वेळी नेलेलं फार आवडलं, तसं अजून काही आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नसतं. ते काउंटरवर बसलेल्या माणसाकडेच असावं लागतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे दोन नियम लागोपाठ येतात. पुस्तक सुचवणं म्हणजे या दोन नियमांची गाठ घालून देणं. खालची पुस्तकं मुद्दाम अशी घेतली आहेत, की त्यातली बरीचशी तालुक्याच्या वाचनालयातही सापडावीत.

आधी काय विचारायचं

‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारू नका. या प्रश्नाला माणूस शोभेलसं उत्तर देतो. ‘ऐतिहासिक’, ‘सामाजिक’, नाहीतर एखादं मोठं नाव. त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारा.

पहिला: शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं? दुसरा: त्यातलं काय लक्षात राहिलं? तिसरा: अर्ध्यावर सोडलेलं एखादं आठवतं का? चौथा: वाचता कधी, प्रवासात, दुपारी की झोपताना?

तिसऱ्या प्रश्नाला लोक ओशाळतात, म्हणून तो विचारण्याआधीच हलका करा: ‘कोसला बरेच जण सुरुवातीलाच सोडतात, त्यात काही बिघडत नाही.’ मग खरी उत्तरं येतात. ‘वर्णनं फार होती’, ‘कोण कुणाचा कोण तेच कळेना’, ‘बोली समजली नाही’, ‘फार रडायला आलं’. आवडलेल्या पुस्तकापेक्षा सोडलेलं पुस्तक वाचकाबद्दल जास्त सांगतं.

‘मृत्युंजय’ परत करणारे तीन वाचक घ्या. पहिल्याला काय आवडलं विचारलं तर तो म्हणतो, ‘कर्णावर केवढा अन्याय झाला हो!’ त्याला माणूस धरून ठेवतो. त्याला रणजित देसाईंची ‘राधेय’ द्या, नायक तोच आहे. दुसरी वाचक म्हणते, ‘कुंती, वृषाली, दुर्योधन, प्रत्येकाची बाजू वेगळी दिसते, ते आवडलं.’ तिला ‘राधेय’ दिलीत तर ‘हे वाचलंय की’ म्हणून परत येईल. तिला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ किंवा दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ द्या, आणि ही कादंबरी नाही, एकेका व्यक्तिरेखेवरचे लेख आहेत, हे देतानाच सांगा. तिसरा म्हणतो, ‘पण हे खरंच असं घडलं असेल का?’ तो भैरप्पांच्या ‘पर्व’चा वाचक. उमा कुलकर्ण्यांनी कन्नडमधून मराठीत आणलेल्या या कादंबरीत चमत्कार बाजूला ठेवून महाभारतातली माणसं हाडामांसाची केली आहेत. पुस्तक एकच, विषय एकच, आणि वाटा तीन. विषयावरून सुचवणं का फसतं ते इथे दिसतं.

नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालांनी पुस्तकात शिरायची चार दारं सांगितली आहेत: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. वाचक कोणत्या दाराने आत जातो ते ओळखलं की निम्मं काम झालं. ‘पुढे काय झालं’ हे सांगत सुटतो तो गोष्टीचा. पात्राला नावाने हाक मारल्यासारखा बोलतो तो माणसांचा. ‘तो कोकण काय उभा केलाय!’ म्हणतो तो जागेचा. एखादं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतो तो भाषेचा.

इतिहास मागणारे

ही मागणी सर्वांत जास्त, आणि चुकाही इथेच जास्त होतात. पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्या: इतिहास हवा की ऐतिहासिक कादंबरी? वाचकाला अनेकदा स्वतःलाच हा फरक ठाऊक नसतो आणि मग तो कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून सांगत फिरतो. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ ही कादंबरी. त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ हा इतिहास. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवून वाचकालाच निवडू द्या. कादंबरी संपवून आलेल्याच्या हातात शेजवलकर दिले तर तो बहुधा वाचतो. उलट क्रमाने दिले तर बहुधा वीस पानांत परत आणतो.

सिनेमा आला की एकाच पुस्तकावर उड्या पडतात. २०२५ साली ‘छावा’चा सिनेमा आला, तेव्हा जिथे जिथे सावंतांची ती कादंबरी होती तिथे तिथे ती मागितली गेली. अशा वेळी नंबर लावून वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नका. कादंबरीच हवी असेल तर विश्वास पाटलांचं ‘संभाजी’. चरित्र चालणार असेल तर कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ किंवा वा. सी. बेंद्र्यांचं ‘छत्रपती संभाजी महाराज’. शेवटची दोन संशोधनाची पुस्तकं आहेत, तळटीपांना न घाबरणाऱ्यालाच द्या.

पेशवाईच्या वाचकांत दोन जाती असतात. भावनेत रमणाऱ्याला थोरल्या माधवरावांवरची ‘स्वामी’, आणि प्रेमकथेसाठी येणाऱ्याला ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. या दोन्ही वाचून ‘आता सगळं सारखंच वाटतं’ म्हणणारा वाचक हाताशी आला की त्याला नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ द्या. तिथे गोष्ट राजे-सरदारांची नाही, त्या काळातला एक साधा माणूस तिरकसपणे बोलतो. पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’. आणि खऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं हवं असेल तर विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. पैसे मिळवायला वरसईहून उत्तरेत गेलेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो आतच होता. पुस्तक लहान आहे, भाषा जुनी आहे. पहिली पाचेक पानं चिकाटीने वाचा म्हटलं की पुढे वाचक आपोआप जातो.

भीती, गूढ, रहस्य

‘भुताचं द्या’ आणि ‘गूढ द्या’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. धारपांकडे अमानवी शक्ती खरी असते, बाहेरून चालून येते, आणि ‘समर्थ’ या त्यांच्या पात्राच्या कथांत तिच्याशी दोन हात करणाराही कोणी असतो. रत्नाकर मतकरींची भीती घरातली, ओळखीच्या माणसाच्या डोक्यातली. गोष्ट संपल्यावर ती जास्त वाढते. धारपांचा चाहता मतकरी वाचून ‘यात काहीच नाही’ म्हणू शकतो. मतकरींच्या चाहत्याला धारप ढोबळ वाटू शकतात. दोघांच्या कथा झोपण्यापूर्वी एकेक वाचण्याजोग्या आहेत. नव्यातलं मागितलं तर हृषीकेश गुप्ते.

रहस्यकथांचा जुना वाचक बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार किंवा काळापहाड मागतो. या प्रती असतील तर त्यांचा कागद ठिसूळ झालेला असतो. बाहेर देण्याआधी एक पान कोपऱ्यात हलकेच वाकवून बघा. तुकडा पडला तर वाचनकक्षातच बसून वाचायला द्या. ‘दुनियादारी’ नेऊन ‘सुहास शिरवळकरांचं अजून’ मागणाऱ्या तरुणाला मात्र नीट विचारा. दारा बुलंद, फिरोज इराणी यांच्या रहस्यकथा आणि ‘दुनियादारी’ ही एकाच लेखकाची दोन वेगळी घरं आहेत. कॉलेजचा कट्टा आवडला असेल तर दारा बुलंद तिथे नाही.

गाव, माती, कोकण, मुंबई

जागेच्या दाराने येणाऱ्या वाचकाला आपल्याच भागाचं पुस्तक हवं असतं असं धरून चालू नका. गावातला वाचक पुष्कळदा मुंबई मागतो: अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, जयवंत दळवींची ‘चक्र’, पोटात ताकद असेल तर भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’. शहरातला वाचक बनगरवाडीत जाऊ पाहतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही आमच्या मते सुचवायला सर्वांत सुरक्षित मराठी कादंबरी आहे: पानं थोडी, वाक्यं छोटी, एक पोरसवदा मास्तर आणि धनगरांची वाडी. बऱ्याच वर्षांनी वाचनाकडे वळणाऱ्याला ती चालते, नव्याने मराठी वाचू लागलेल्यालाही चालते. तिच्यापुढे ‘माणदेशी माणसं’.

शेतीतलं वास्तव हवं असेल तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. कथा हव्या असतील तर आसाराम लोमट्यांचं ‘आलोक’. ही वाचून माणूस अस्वस्थ होतो, ते देतानाच सांगा. धरणग्रस्तांबद्दल विचारलं तर ‘झाडाझडती’. गोव्याच्या वाचकाला, किंवा गोव्याबद्दल विचारणाऱ्याला, महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’: पोर्तुगीज काळातलं धर्मांतर आणि त्यात फाटलेली गावं.

श्री. ना. पेंडश्यांची ‘तुंबाडचे खोत’ म्हणजे कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरची एका घराण्याची अनेक पिढ्यांची कथा. दोन खंड, हजारावर पानं. इथे एक नेहमीची गडबड होते: दुसरा खंड जागेवर आहे की नाही हे न पाहताच पहिला दिला जातो, वाचक रंगात येतो आणि पुढचे दोन महिने चडफडतो. पहिला खंड देताना दुसऱ्याचा दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक) त्याच सभासदाच्या नावे राखून ठेवा. पेंडश्यांची ओळख नसेल तर आधी ‘गारंबीचा बापू’ द्या. तो रुचला तरच खोत.

बोलीभाषेत अडखळणाऱ्या वाचकाला एक साधी युक्ती सांगा. आनंद यादवांच्या ‘झोंबी’चं पहिलं पान घरी मोठ्याने वाचायचं. डोळ्यांना परका वाटणारा शब्द कानाला पुष्कळदा ओळखीचा निघतो.

आत्मचरित्रं

‘आत्मचरित्र द्या’ म्हणजे काय हवंय? कुणाला यश कसं मिळालं ते हवं असतं, कुणाला घर-संसार, कुणाला आपल्याला न दिसलेलं जग. पहिल्यासाठी जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’. चरित्र चालत असेल तर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. आठवी-नववीपासून आजोबांपर्यंत सगळे ते वाचतात. दुसऱ्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. लक्ष्मीबाईंचं पुस्तक जुनं म्हणून बाजूला ठेवू नका. त्यातलं बोलणं आजही ताजं आहे, दुःखाच्या प्रसंगातही वाचक हसतो.

तिसऱ्यासाठी दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’, किशोर काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. ही पुस्तकं फक्त एप्रिल महिन्यात मांडणीवर काढायची सवय अनेक ठिकाणी आहे, ती मोडा. आणि वाचकाच्या आडनावाकडे बघून ही द्यायची की नाही हे ठरवू नका. आडनाव, लिंग, वय यावरून पुस्तक ठरवणं ही काउंटरवरची सर्वांत मोठी चूक आहे. बाई आली की ‘कौटुंबिक’ कपाटाकडे बोट दाखवलं जातं. तिला कदाचित ‘सिंहासन’ हवी असेल. गौरी देशपांड्यांचं ‘एकेक पान गळावया’ किंवा कविता महाजनांची ‘ब्र’ पुरुष वाचकालाही तितक्याच हक्काने सुचवा.

मुलं, आणि त्यांचे आईबाबा

मूल सोबत असेल तर प्रश्न मुलाला विचारा, आईला नाही. अक्षरओळख नुकती झालेल्यांना माधुरी पुरंदऱ्यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ ही संचातली पुस्तकं: चित्रं बोलकी, मजकूर कमी, घर आपल्यासारखं. नऊ ते बारा वयाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. इंग्रजी माध्यमातलं मूल बोलतं छान, पण जोडाक्षरांवर अडतं. त्याला वयाच्या दोन वर्षं आधीचं पुस्तक द्या आणि ‘हे लहान मुलांचं आहे’ हे त्याच्यासमोर म्हणू नका. पुरंदऱ्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग इथे फार उपयोगी पडतात: अनेक लेखकांचे छोटे उतारे आहेत. मूल ज्या उताऱ्यावर रेंगाळलं, त्याचं मूळ पुस्तक पुढच्या वेळी काढून ठेवा.

‘संस्कार होतील असं द्या’ म्हणणाऱ्या पालकांना ‘श्यामची आई’ हवी असते. ती रात्रींमध्ये विभागलेली आहे. रोज एक रात्र पालकांनी मोठ्याने वाचावी असं सुचवा. मुलाच्या हातात नुसती टेकवली तर ती तशीच परत येते. तेराच्या पुढे प्रकाश नारायण संतांचा लंपन, क्रमाने: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. हा क्रम पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलांची आहे, त्यात मुलांची खरी भाषा आहे. पालकांना आधी कल्पना द्या, म्हणजे नंतर तक्रार येत नाही.

वाचन सुटलेले, आणि वेळ नसलेले

यांना जाड पुस्तक देणं म्हणजे त्यांना परत घालवणं. कुठूनही उघडता येईल असं द्या: ‘व्यक्ती आणि वल्ली’, चिं. वि. जोश्यांचा चिमणराव, द. मा. मिरासदार किंवा शंकर पाटलांच्या कथा, अनिल अवचटांचं ‘माणसं’. लोकलमध्ये वाचणाऱ्याला एका प्रवासात एक तुकडा संपला पाहिजे. अनुवाद चालत असेल तर पु. लं.नी मराठीत आणलेलं ‘एका कोळियाने’ दोन बैठकांत होतं. ते रुचलं तर पुढे राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’, पण ते सावकाश वाचायचं आहे.

दिवाळी अंक हा आवडी ओळखायचा उत्तम मार्ग आहे. अंक परत आला की ‘यातलं कोणाचं आवडलं?’ एवढंच विचारा. जे नाव येईल त्या लेखकाचं पुस्तक द्या.

हातातली वस्तू बघा

सुचवलेलं पुस्तक परत येण्याचं कारण पुष्कळदा मजकुरात नसून प्रतीत असतं. खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवून छापलेल्या जुन्या प्रतींत अक्षर बारीक, ओळी दाट आणि कागद पिवळा. साठीच्या पुढच्या वाचकाला पुस्तक उघडून हातभर अंतरावर धरायला सांगा. चष्म्यासकट सहज वाचता आलं तरच द्या. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर नवी त्यांच्यासाठी ठेवा. पडून वाचणाऱ्या आजींना पुठ्ठाबांधणीची जाड प्रत मनगटाला झेपत नाही. पुन्हा बांधणी केलेल्या प्रती आतल्या बाजूला घट्ट शिवलेल्या असतात, प्रत्येक ओळीचं टोक शिवणीत जातं. अशी प्रत सुचवण्याच्या यादीतून काढूनच टाका. नजर अगदीच कमी असेल तर स्टोरीटेल या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात, हे घरच्यांना सांगा.

कार्ड आणि कपाट

सगळी पुस्तकं कुणीच वाचलेली नसतात, म्हणून कार्ड ठेवा. ग्रंथतालिकेची (कॅटलॉगची) तीन बाय पाच इंची जुनी कार्डं पडून असतात, त्यांची मागची बाजू पुरते. प्रत्येकावर पाच ओळी: पुस्तक आणि लेखक, कोणतं दार (गोष्ट, माणसं, जागा, भाषा), कुणाला रुचेल, कुणाला देऊ नये, यानंतर काय. चौथी ओळ सर्वांत मोलाची, तीच लोक लिहीत नाहीत. नमुना:

*उत्सुकतेने मी झोपलो, श्याम मनोहर. दार: भाषा, विचार. ज्याला कथानकाचा कंटाळा आलाय त्याला. ‘पुढे काय होतं’ विचारणाऱ्याला देऊ नये. यानंतर: ‘कळ’.*

हे पुस्तक साहित्य अकादमी मिळालेलं आहे. पुरस्कार हे सुचवण्याचं कारण होऊ शकत नाही, हे या कार्डावरून लक्षात येईल. तीन-चार जणांनी महिन्याला पाच-पाच कार्डं केली तर वर्षभरात दोनशेच्या घरात जातात, आणि काउंटरवर कुणीही बसलं तरी अडत नाही.

‘आम्ही सुचवतो’ अशी एक मांडणी दाराजवळ ठेवा: बारा ते पंधरा पुस्तकं, कणा नव्हे तर मुखपृष्ठ समोर, प्रत्येकाखाली दोन ओळींची चिठ्ठी. निम्मी पुस्तकं अशी निवडा जी तारीखपट्टीवर दोन वर्षांत शिक्का न पडता राहिली आहेत. ई-ग्रंथालयसारखी संगणक प्रणाली असेल तर ही यादी काढता येते, नसेल तर एक कपाट घेऊन पट्ट्या तपासा, तासाभराचं काम आहे. पंधरा दिवसांनी सगळं बदला. पुस्तक गेलं की चिठ्ठी काढून तिथे लगेच दुसरं लावा. रिकाम्या जागा आणि नुसत्या चिठ्ठ्या दिसल्या की लोक त्या मांडणीकडे बघणं सोडून देतात.

देताना आणि परत घेताना

दोन किंवा तीन पुस्तकं समोर ठेवा. एकच दिलं तर वाचक भिडेखातर नेतो, पाच दिली तर गोंधळून नेहमीचंच उचलतो. त्यातलं एक ओळखीच्या वाटेचं, एक थोडं बाजूचं. सांगणं दोन वाक्यांत संपवा, शेवट सांगू नका. ‘माझं सर्वांत आवडतं आहे’ असं म्हणू नका, नाहीतर न आवडल्यावर वाचक तोंड चुकवतो. ‘तुमच्या शेजारच्या काकूंनी हेच नेलं होतं’ असंही नको. कोण काय वाचतं हे सभासद आणि वाचनालय यांच्यातच राहिलं पाहिजे.

पन्नास पानांत मन लागलं नाही तर परत आणा, असं देतानाच सांगा. हाही पर्लबाईंचाच नियम, आणि पन्नाशी उलटलेल्यांना त्यांनी आणखी सूट दिली आहे: शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. सत्तर वर्षांच्या काकांना तीस पानांची मुभा. पुस्तक परत आलं की ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘कुठपर्यंत गेलात?’ विचारा. उत्तर आलं, की तो पान-क्रमांक आणि थांबण्याचं कारण त्याच दिवशी पेन्सिलीने कार्डाच्या चौथ्या ओळीत लिहा. वाचकाचं नाव तिथे लिहायचं नाही.